लूर्डसचा पगार कसा वाढला

भाईंदरला पोरं सांभाळायला बाई मिळत नाही, हे मुंबईच्या लोकांना कळलं बेचाळीसच्या जानेवारीत. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि गिरगाव-ठाकुरद्वारची बिऱ्हाडं वाट फुटेल तिकडे निघाली. नोकरी फोर्टात आणि बायकामुलं भाईंदरात, अशी सोय बऱ्याच जणांनी केली. येताना त्यांनी पलंग आणले, पाटा-वरवंटा आणला, एका कुटुंबाने तर पिंजऱ्यासकट पोपट आणला. मुलं सांभाळणाऱ्या बायका मात्र कुणालाच आणता आल्या नाहीत, कारण त्या यांच्याही आधी आपापल्या गावी पळाल्या होत्या.

मोरव्याच्या वाटेवर एका कौलारू घरात कीर्तिकरांनी बिऱ्हाड थाटलं. दिगंबरराव कीर्तिकर विमा कंपनीत होते. माणूस मेला तर त्याची किंमत किती, हे ते रोज ठरवत असल्यामुळे आपली एक वर्षाची मुलगी नलू सांभाळणाऱ्या बाईचा वाजवी पगार काढणं त्यांना अवघड वाटलं नाही. त्यांनी चार घरी चौकशी केली. एकाने पाच रुपये सांगितले, दुसऱ्याने सहा, तिसऱ्याने साडेसहा. चौथे म्हणाले, "आमची नुसती जेवणावर आहे." चौघांनीही खोटं सांगितलं होतं. खरा आकडा बाहेर फुटला तर शेजारी जास्त देऊन बाई पळवतील, ही धास्ती प्रत्येकाला होती. दिगंबररावांनी मात्र आकडे प्रामाणिकपणे घेतले आणि सहा रुपये ही रक्कम नक्की केली.

बारा दिवस कुणी फिरकलं नाही. मग सात केले. त्यावर एक म्हातारी आली, तिला दिसत नव्हतं. आठ केले तेव्हा लूर्डस आली.

लूर्डस जवळच्या डोंगरी गावची. पंचविशीची, सडपातळ, पण दंड भक्कम. तिने दारातच नलूला दिगंबररावांच्या पत्नी चंपूताईंच्या कडेवरून घेतलं आणि सकाळपासून रडणारी नलू तिच्या कानातलं कर्णफूल ओढत गप्प झाली. चंपूताईंनी तेवढ्यावरच मनाशी होकार दिला होता. तरी एक गोष्ट विचारायची होती, ती त्यांनी विचारली.

"पदरात पोर नाही ना गं तुझ्या? मुंबईची बाई होती, तिचं अर्धं लक्ष घरी. पोरवाली बाई मला नकोच."

लूर्डसने नलूच्या टाळूवर हात ठेवला.

"न्हाय बाय," ती म्हणाली, आणि पदराखाली कुणाला दिसणार नाही असा क्रूस काढला.

तिला तीन वर्षांची मुलगी होती. नाव टेरेझा, घरात तेरू. नवरा आल्बर्ट लढाई सुरू झाल्यापासून एका जहाजाच्या भटारखान्यात होता. त्याचं शेवटचं पत्र बसऱ्याहून आलं होतं, त्यालाही सहा महिने होऊन गेले होते. घर चालवायला लूर्डसने भाईंदरची नोकरी धरली आणि तेरूला शेजारच्या जिजाबाईपाशी ठेवलं. जिजाबाई कोळीण, विधवा, सुकी मासळी विकून राहणारी. लूर्डसच्या आठातले तीन ती घ्यायची.

लूर्डसला एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सुटी असे. पहाटे निघून ती डोंगरी गाठायची, चर्चमध्ये मिसा ऐकायची आणि दुपारचं ऊन उतरेपर्यंत तेरूजवळ बसायची. पहिल्या सुटीला तेरू तिच्या गळ्यातून उतरली नाही. दुसऱ्या सुटीला तिने लांबूनच पाहून घेतलं आणि मग आली. मार्चमधल्या एका सुटीला ती जिजाबाईच्या काष्ट्याआड उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "आय, लूर्डस आली."

आय म्हणजे जिजाबाई. लूर्डस म्हणजे लूर्डस. जिजाबाई तिला नावाने हाक मारायची, म्हणून पोरही नावानेच हाक मारायला शिकली होती.

"आगं तुजी आय ती," जिजाबाई म्हणाली. तेरूने लूर्डसकडे पाहिलं, जिजाबाईकडे पाहिलं, आणि दोघींपैकी एकीची चूक होतेय हे मनाशी ठरवून ती बोंबील सुकवायच्या वलांडीखाली खेळायला गेली.

त्याच दुपारी जिजाबाईने विषय काढला.

"लूर्डस, मनापन भायंदरची नोकरी आलीय. रेगे वकील म्हनून हायेत. धा रुपये देतात."

लूर्डसचा चेहरा उतरला. स्वतःला आठ रुपये, आणि आपली मुलगी सांभाळणारीला दहा, हा हिशेब तिला लागेना. पण तिच्या तोंडून वेगळंच आलं.

"आन् तेरू?"

"तिला घेऊन जाते ना. नात हाय म्हनून सांगते. त्या बायला पोर चालते. तिचा बालू येकटा हाय, त्याला खेलायला कुनीतरी होयेच."

"रेगे ऱ्हातात खय?"

"मोरव्याच्या वाटेवर. कीर्तिकर म्हनून कोन हायेत, त्यांच्या बाजूला."

लूर्डस उठली, तेरूचं धुतलेलं तोंड पुन्हा धुतलं, आणि म्हणाली, "कवा येतेस?"

रेग्यांचं आणि कीर्तिकरांचं अंगण एकच होतं. मध्ये बांबूचं कमरेएवढं कुंपण घालून घरमालकाने दोन भाडी केली होती. जिजाबाई आणि तेरू तिथे आल्या त्या दिवशी लूर्डस नलूला काखोटीला मारून कुंपणाजवळ उभी होती. पलीकडे वत्सलाबाई रेगे जिजाबाईची चौकशी करत होत्या.

"नाव काय म्हणालीस नातीचं?"

"तारू," जिजाबाई म्हणाली. टेरेझाची तारू करायला तिला फारशी तोडमोड करावी लागली नाही.

"आणि हिची आई?"

"ती गेलीय परमुलखात, चाकरीला."

"अगंबाई," वत्सलाबाई म्हणाल्या, "एवढीशी पोर टाकून. कसं राहवतं म्हणते मी."

लूर्डसने नलूचा लाळेने ओला झालेला ओठ पदराने पुसला. ओठ पुसून कोरडा झाला तरी ती पुसत राहिली.

त्या दिवसापासून लूर्डसचं काम सुधारलं. नलूला भरवायचं ते कुंपणाजवळ, झोपवायचं ते कुंपणाजवळ, दुपटी वाळत घालायची तीही कुंपणावरच. पलीकडे तेरू मातीत घर करायची, बाळूच्या डोक्यात माती घालायची, मार खायची आणि द्यायची. लूर्डस बघत राहायची. कधी हाक मारायची, "तारू." कधी तेरू यायची, कधी यायची नाही. आली की लूर्डस बांबूंच्या फटीतून हात घालून तिच्या फ्रॉकची गुंडी लावायची. गुंडी बहुधा लावलेलीच असायची.

चंपूताईंनी हे चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी दिगंबरराव चहा घेत असताना त्या म्हणाल्या, "लूर्डस जाणार."

"कुठे?"

"रेग्यांकडे. दिवसभर त्यांच्या घराकडे बघत उभी असते आणि सुस्कारे सोडते. ती नवी बाई तिला काहीतरी सांगत असते. दहा रुपये देतात म्हणे तिला."

दिगंबररावांनी कपबशी खाली ठेवली. "दहा? रेगे मला म्हणाले साडेसहा."

"तुम्ही त्यांना किती सांगितलेत?"

"सहा."

दुसऱ्या दिवशी लूर्डसचे दहा झाले. तिने मागितले नव्हते. चंपूताई अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "लूर्डस, या महिन्यापासून तुला दहा." लूर्डसने मान हलवली, पण नजर वळवली नाही. जिजाबाई पलीकडे तेरूच्या केसांना तेल लावत होती. तिने भांग पाडला, दोन शेंड्या घातल्या, लाल फीत बांधली. लूर्डसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दहा कमी वाटले का?" चंपूताईंनी विचारलं.

"न्हाय बाय. चांगलेच हायेत."

"मग रडतेस का?"

"कायसं डोल्यात गेलं."

संध्याकाळी चंपूताई नवऱ्याला म्हणाल्या, "डोळ्यांत काय गेलं ते मला कळतं. रेग्यांचे रुपये गेलेत. बारा करा."

बारा झाले तेव्हा लूर्डस घाबरली. एवढा पैसा कशासाठी मिळतोय हे तिला समजेना, आणि न समजता मिळालेला पैसा उद्या काढून घेतला की त्याबरोबर नोकरीही जाते, हे तिने ऐकलं होतं. नोकरी गेली की कुंपण गेलं. ती चंपूताईंकडे गेली आणि म्हणाली, "बाय, मना आठच होऊ देत. आठ बरे हायेत."

चंपूताई रात्रीपर्यंत विचार करत होत्या. वाढवलेला पगार नाकारणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. याचा अर्थ एकच निघत होता. लूर्डसने जायचं पक्कं केलं होतं, आणि जाताना मिंधेपण नको म्हणून ती पैसे घेत नव्हती. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी पंधरा केले, वर नलूच्या फ्रॉकचं उरलेलं कापड दिलं. पिवळं, त्यावर बारीक चेरी.

लूर्डसने त्या कापडाचा फ्रॉक शिवला. दुपारी नलू निजली की ती शिवायला बसे, आणि माप घ्यायला कुंपणापलीकडे नुसती बघे. फ्रॉक बरोबर बसला. तेरू तो घालून बाळूसमोर गोल गोल फिरली आणि वत्सलाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. हे कापड त्यांनी नलूच्या अंगावर पाहिलं होतं.

"कीर्तिकरांनी आपल्या बाईच्या नातीला फ्रॉक शिवला," त्या वकीलसाहेबांना म्हणाल्या. "आता मला सांगा, फुकट कुणी फ्रॉक शिवतं का?"

वकीलसाहेबांनी मान्य केलं की शिवत नाही. जिजाबाईचे दहाचे बारा झाले आणि बाराचे पंधरा. जिजाबाई लूर्डससारखी घाबरली नाही. वकिलांच्या घरी अशीच रीत असेल असं समजून तिने पैसे कनवटीला लावले आणि कुंपणाजवळ येऊन ही बातमी लूर्डसला सांगितली. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं इकडून चंपूताईंनी पाहिलं, तिकडून वत्सलाबाईंनी, आणि महिना संपायच्या आत दोघींचे अठरा अठरा झाले.

दिगंबरराव आणि रेगे वकील रोज एकाच गाडीने मुंबईला जात. पूर्वी ते वर्तमानपत्र वाटून वाचत. आता दोघे एकमेकांशी फार अदबीने बोलू लागले. "आपल्याकडे सगळं ठीक?" "कृपा आहे. आपल्याकडे?" त्यापुढे मुंबई येईपर्यंत कुणी तोंड उघडत नसे.

मग रस्त्यावरच्या बाकीच्या घरांना झळ लागली. तिथल्या बायकांना अठराचा आकडा कळला होता. एकीने मालकिणीला विचारलं, "आमची पोरं काय हलकी रडतात काय?" पोपटवाल्यांची बाई काम सोडून गेली आणि पोपट तिच्या आवाजात नलू-बाळूच्या घरांना शिव्या देऊ लागला. शेवटी मेच्या एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, सहा गृहस्थ रेग्यांच्या ओट्यावर जमले. वाजवी पगार ठरवायचा आणि तो सगळ्यांनी पाळायचा, असं कामाचं स्वरूप होतं.

रेगे वकील अध्यक्ष झाले. ते म्हणाले, "प्रथम प्रत्येकाने आपण सध्या काय देतो ते सांगावं."

प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. मग एकजण म्हणाले, "नऊ." दुसरे म्हणाले, "साडेआठ." दिगंबररावांनी घसा खाकरला आणि दहा सांगितले. रेगे स्वतः म्हणाले, "आमच्याकडेही त्याच सुमारास." आतल्या दारापाशी बसलेल्या बायकांत खसखस पिकली.

"असं असेल तर बारा हा वाजवी पगार धरू," रेगे म्हणाले.

"बारा फार होतात," अठरा देणारे दिगंबरराव म्हणाले, कारण दहा सांगितल्यावर तसं म्हणणं भाग होतं. आणि मग त्यांच्या मनात आलेली गोष्ट त्यांनी बोलून टाकली. ते मुळात सरळ गृहस्थ होते. "आपण सगळे आकडे सांगतोय, पण ज्यांनी काम करायचं त्यांना कुणी विचारलेलं नाही. कंपनीत आम्ही विमा उतरवणाऱ्याला निदान त्याचं वय तरी विचारतो. त्या दोघींना बोलवा. सगळी वाढ या कुंपणापासून सुरू झालीय."

जिजाबाई आली, तिच्या मागे तेरू आली. कुंपणाला वळसा घालून नलूला घेऊन लूर्डस आली. सहा गृहस्थ, दारातल्या सगळ्या मालकिणी आणि ओट्याच्या पायऱ्या पाहून लूर्डसला वाटलं, आपलं खोटं उघडं पडलं.

"भिऊ नकोस," दिगंबरराव म्हणाले. "खरं काय ते सांग. तुला किती पगार मिळाला म्हणजे तू कुठे जाणार नाहीस?"

लूर्डसला कुठे जायचंच नव्हतं, त्याचा पगार काय सांगणार.

"वीस?" मागून कुणीतरी कुजबुजलं, आणि दोघा-तिघांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

तेवढ्यात तेरू ओट्यावरच्या झोपाळ्यावर चढली होती. झोपाळा हलला आणि ती तोंडावर खाली आली. क्षणभर आवाज नव्हता, मग मोठा आला. लूर्डसने नलूला हातालगतच्या पहिल्या मांडीवर ठेवलं, ती अध्यक्षांची होती, आणि झेप घेऊन तेरूला उचललं. ओठ फुटला होता. लूर्डसने तो पदराने दाबला, तिला छातीशी घट्ट धरलं आणि हलत हलत बोलत राहिली, "माजी बाय ती, माजं सोनं ते, काय न्हाय झाला, आय हाय ना, आय हाय."

सगळे ऐकत होते. दोन चेहरे एकमेकांना लागून होते. तेच कपाळ, तीच हनुवटी, रडताना खाली ओढलेला तोच ओठ. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. फक्त तेरूला ते माहीत नव्हतं. ती लूर्डसच्या खांद्यावरून दोन्ही हात पसरून जिजाबाईकडे झेपावत होती आणि ओरडत होती, "आय, आय."

लूर्डसची मिठी हळूहळू सैल झाली. जिजाबाईने पुढे होऊन पोर घेतली. पोर दोन हुंदके देऊन थांबली.

रेगे वकील नलूला मांडीवर सांभाळत उलटतपासणी घेऊ लागले. "जिजाबाई, ही नात कुणाची?"

"माजीच."

"आणि हिची आई परमुलखात आहे, असं तू सांगितलंस."

"परमुलखातच होती की सायेब," जिजाबाई म्हणाली, "कुंपनापलीकडं."

कुणी हसलं नाही. म्हणजे दोघे हसले, पण दारातून चंपूताई बाहेर आलेल्या पाहून थांबले. चंपूताईंचा चेहरा लाल झाला होता.

"दोन महिने," त्या म्हणाल्या. "दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी वेड्यासारखी पगार वाढवतेय. मला का नाही सांगितलंस?"

"तुमी पयल्या दिशी इचारलात, पोर हाय काय. मी न्हाय म्हनले," लूर्डस म्हणाली. "व्हय म्हनले असते तर ठेवली असती काय, बाय?"

चंपूताईंना उत्तर माहीत होतं.

"मग आता पगाराचं काय," दिगंबररावांनी हळूच विचारलं.

"आठच द्या, सायेब. पोर माज्याजवल ऱ्हाऊ द्या."

दिगंबररावांच्या चेहऱ्यावर आनंद दिसू लागला. दहा रुपयांची बचत, आणि तीही बाईच्या खुशीने. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा चंपूताई म्हणाल्या, "अठराच मिळतील. मी बोललेय. आणि तारू उद्यापासून आपल्याकडे." एवढं बोलून त्यांनी अध्यक्षांच्या मांडीवरून नलूला उचललं. अध्यक्षांचं धोतर भिजलं होतं. सभा तिथेच संपली.

सभेत पगार ठरला नाही, पण भाईंदरचा बाजार मात्र फिरला. चंपूताईंचं बोलणं कुणी ऐकलं नाही, लूर्डसचं सगळ्यांनी ऐकलं. पोर जवळ ठेवू दिलं तर बाई आठ रुपयांत राहते आणि कुठे जात नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवसापासून जो तो पोरवाली बाई शोधू लागला. ज्यांना पोर नव्हतं त्या बायकांची पंचाईत झाली. मग मोरव्याचा एक चिमुरडा एकाच आठवड्यात तीन घरांत तीन बायकांचा मुलगा म्हणून दिसला, आणि तिन्ही घरी त्याला पेज मिळाल्यामुळे तो चांगला बाळसेदार झाला.

वत्सलाबाईंनी जिजाबाईला सांगितलं, "तू खोटं बोललीस ते बोललीस. पण बाळू तारूवाचून जेवत नाही. नात नसेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

"बगा," जिजाबाई म्हणाली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती दिवसभर ओट्यावर बसून असायची. बाळूला भरवताना दोन ताटल्या काढायची आणि एक परत ठेवायची.

कुंपणाच्या या बाजूला तेरू आली होती. लूर्डस तिला न्हाऊ घालायची, तेल लावायची, लाल फीत बांधायची. इतके महिने जे लांबून पाहिलं ते सगळं तिने एकेक करून केलं. तेरूने ते करून घेतलं, आणि झालं की ती कुंपणाजवळ जाऊन उभी राहिली. बांबू दोन हातांनी धरून, पलीकडे बघत. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची, परत जायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय."

लूर्डसने चार दिवस दम धरला. आपली पोर आपल्याला लागेल, आज लागेल, उद्या लागेल. पाचव्या दिवशी सकाळी तिने तेरूला शेंड्या घालून दिल्या, उचललं आणि कुंपणावरून पलीकडे धरलं. जिजाबाई ओट्यावरून कशी आली ते तिचं तिलाच कळलं नसेल.

"दुपारपावत तुज्याकडं," लूर्डस म्हणाली. "मग धाड."

"धाडते गो," जिजाबाई म्हणाली.

तेरू एकदाही मागे न बघता गेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंपूताईंनी हे पाहिलं. लूर्डस पुन्हा कुंपणाजवळ उभी होती, नलू कडेवर, नजर पलीकडे. चंपूताईंनी हात पुसले, अंगणात आल्या आणि नलूला तिच्याकडून घेतलं.

"जा," त्या म्हणाल्या, "तासभर बसून ये तिच्याजवळ. नलूला मी बघते."

लूर्डस रेग्यांच्या अंगणात गेली. तेरू आणि बाळू आंब्याखाली घर करत होते. ती शेजारी टेकली. तेरूने वर पाहिलं. "लूर्डस, तू त्या घरची ना? मग हिकडं कशाला आलीस?" असं तिने विचारलं, काही राग नाही, नुसती चौकशी. जिजाबाईने तिला दटावलं. लूर्डस म्हणाली, "ऱ्हाऊ दे." थोडा वेळ तेरूने तिला मातीच्या भिंतीला हात लावू दिला. मग मुलं झाडामागे पळाली, आणि ती उठली.

ती परत आली तेव्हा अंगणात शांतता होती. चंपूताई नलूला घेऊन येरझारा घालत होत्या. नलू आधी फार रडली असावी, तिचे गाल ओले होते. आता ती आईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. चंपूताईंचा अंबाडा सुटला होता, एका खांद्यावर लाळेचा डाग पडला होता.

"द्या बाय," लूर्डसने हात पुढे केले.

"हळू बोल," चंपूताई पुटपुटल्या. "झोपलीय."

"पालन्यात घालते."

"नको. उठेल." चंपूताई अर्ध्या पावलाने मागे सरल्या. "आणि तास कुठे झालाय अजून?"

त्यांनी पाठ वळवली आणि पुन्हा चालू लागल्या, आधीपेक्षा सावकाश.

लूर्डसला काय करावं कळेना. भाईंदरात पोरं सांभाळणाऱ्या बायकांत सर्वांत जास्त पगार तिला होता आणि सांभाळायला या घडीला एकही पोर नव्हतं. तिने वाळत घातलेली दुपटी चाचपली. ती ओली होती. तरी एक काढून घडी केली, उलगडली, परत घातली. मग कुंपणालगत, बांबूला पाठ टेकून ती खाली बसली आणि हात मांडीत ठेवले.

बऱ्याच वेळाने मागून पाठीला काहीतरी टोचलं. फटीतून एक लहान हात आला होता. मुठीत अर्धी कैरी होती, दातांच्या खुणा असलेली, मीठ लावलेली.

"लूर्डस, घे," तेरू म्हणाली. "आंबट हाय."

लूर्डसने ती घेतली आणि खाल्ली. खरंच फार आंबट होती. डोळे मिटून घेण्याइतकी. तेरू पलीकडून वाकून तिचं तोंड बघत होती, आणि हसत होती, आणि जात नव्हती.